फुप्फुसाच्या तपासणीचा कागद अर्धवट, म्हणून कोड चुकीचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दादरच्या कबुतरखान्याचा वाद २०२५ मध्ये पेटला, तेव्हा एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघत होता : कबुतरांमुळे फुप्फुसाचा आजार झालेले रुग्ण नेमके आहेत तरी किती? रुग्णालयांच्या नोंदींतून हा आकडा सहज निघायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात पक्ष्यांची पिसे आणि विष्ठा यांच्या ॲलर्जीतून होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला जे ६७.२ असा स्वतंत्र कोड आहे. पण डिस्चार्ज कार्डावर ‘आयएलडी’ (अशा अनेक फुप्फुस-आजारांचे एकत्रित नाव) एवढेच लिहिलेले असेल, तर मेडिकल रेकॉर्ड विभागातला माणूस जे ८४.९ लावतो. नुसते ‘धाप’ लिहिलेले असेल, तर आर ०६.०. समोरच्या कागदाप्रमाणे त्याचे दोन्ही वेळा बरोबरच असते. रुग्ण मात्र कबुतरांच्या हिशोबातून कायमचा बाहेर पडतो.

बहुतेक वेळा चूक कोड लावणाऱ्याच्या टेबलापर्यंत कागद पोचायच्या आधीच झालेली असते. फुप्फुसाच्या आजारांत तिची सुरुवात फुंकून करायच्या तपासणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत होते. बोलताना सगळे हिला ‘पीएफटी’ म्हणतात. खरे तर स्पायरोमेट्री, फुप्फुसाचे एकूण आकारमान आणि वायूची देवाणघेवाण मोजणारी डीएलसीओ, या सगळ्यांचे मिळून ते नाव आहे. हा घोळ कागदावरही उतरतो. ‘पीएफटी नॉर्मल’ वाचून पुढच्या डॉक्टरला वाटते की डीएलसीओही झाली आणि तीही ठीक आली. प्रत्यक्षात रुग्णाने तीनदा फुंकलेले असते, बाकी काही नाही.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. साठीच्या, वर्षानुवर्षे विडी ओढणाऱ्या गृहस्थाने छाती भरून श्वास घेतला आणि शेवटपर्यंत फुंकले, तर एकूण हवा, म्हणजे एफव्हीसी, २.१० लिटर भरते. त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर आलेली, म्हणजे एफईव्ही१, आहे १.२० लिटर. भागाकार ०.५७. पंपाचे औषध दिल्यावरही हा भागाकार ०.७० च्या खाली राहिला, तर सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या, निदानाला आधार मिळतो. आता समजा, हेच गृहस्थ तिसऱ्या सेकंदाला दमून थांबले. श्वासनळ्या अरुंद असल्या की शेवटची हवा रेंगाळत निघते, आणि नेमकी तीच आत राहिली. एफव्हीसी नोंदली गेली १.६० लिटर, एफईव्ही१ तीच १.२०. भागाकार झाला ०.७५. अडथळा कागदावरून गायब! वर एफव्हीसी कमी दिसते म्हणून मशीन तळाशी छापते, ‘मॉडरेट रिस्ट्रिक्शन’. ही ओळ जशीच्या तशी डिस्चार्ज कार्डावर उतरली, की विडीने झालेल्या सीओपीडीची फाइल भलत्याच आजाराच्या कप्प्यात जाते.

मशीनची ही छापील ओळ म्हणजे निदान नव्हे, हे कागद हाताळणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवे. फुप्फुसाचे आकारमानच कमी असणे, म्हणजे रिस्ट्रिक्शन, स्पायरोमेट्रीवरून सिद्ध करता येत नाही, कारण पूर्ण फुंकल्यावरही छातीत उरणारी हवा हे यंत्र मोजूच शकत नाही. त्यासाठी बंद केबिनमध्ये बसवून किंवा हेलियम-नायट्रोजनच्या पद्धतीने टीएलसी, म्हणजे फुप्फुसाचे एकूण आकारमान, मोजावी लागते. अहवालात फार तर ‘रिस्ट्रिक्शनची शक्यता, टीएलसी करावी’ इतकेच लिहिता येते.

फुंक मान्य कधी करायची, याचे नियम अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांनी मिळून २०१९ मध्ये सुधारले. किमान तीन चांगल्या फुंका हव्यात. सर्वांत मोठ्या दोन एफईव्ही१ मधला फरक १५० मिलीच्या आत हवा आणि सर्वांत मोठ्या दोन एफव्हीसीमधलाही तेवढाच. सुरुवात झटक्यात झालेली हवी. चाचरत सुरू केलेल्या फुंकेत आधीच निसटलेली हवा एफव्हीसीच्या ५ टक्के किंवा १०० मिली, यांपैकी जे जास्त असेल त्याच्या आत राहिली पाहिजे. शेवट कसा ओळखायचा? शेवटच्या एका सेकंदात २५ मिलीपेक्षा कमी हवा आली, म्हणजे आलेखाची रेघ सपाट झाली, किंवा फुंकून १५ सेकंद झाले. जमले नाही तर मोठ्या माणसाकडून आठ वेळांपर्यंत फुंकून घेता येते, त्यापुढे तो थकतो आणि आकडे उलट घसरतात. या सगळ्यावरून एफईव्ही१ आणि एफव्हीसी यांना ए पासून एफ पर्यंत प्रत, म्हणजे दर्जा, मिळते. एफ म्हणजे एकही फुंक कामाची नाही. प्रत दाखवणारे हे अक्षर मशीन छापते, पण अहवाल रुग्णालयाच्या लेटरहेडवर पुन्हा टाइप होतो तेव्हा सर्वांत आधी तेच गळते. आलेख गळतो तो त्यानंतर. उरते काय, तर टक्केवारीचे तीन आकडे आणि एक इंग्रजी वाक्य.

त्या टक्केवारीचेही खरे नाही. टक्के म्हणजे ‘अपेक्षित’ आकड्याच्या किती, आणि अपेक्षित आकडा ठरतो वय, उंची, लिंग आणि निवडलेले समीकरण यांवरून. उंची विचारून लिहिणे हा आपल्याकडचा जुना रोग आहे. ती चप्पल काढून, टाचा भिंतीला टेकवून मोजायला हवी. पाठीला बाक असेल तर दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोकांमधले अंतर घ्यावे, आणि तसे घेतल्याचे लिहावे. ५ सेंटिमीटर चुकले तर प्रौढ माणसाची अपेक्षित एफव्हीसी साधारण पाव लिटरने सरकते. समीकरणाचे तर त्याहून वाईट. नव्या मशीनच्या सेटिंगमध्ये अनेकदा ‘कॉकेशियन’ निवडलेले असते आणि कुणी ते पाहतही नाही. तेवढ्याच उंचीच्या भारतीयाची फुप्फुसे सरासरीने लहान असतात, त्यामुळे धडधाकट माणूसही कागदावर ऐंशीच्या खाली दिसतो. जीएलआय या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०१२ च्या समीकरणांत भारतीयांचा वेगळा गट नाही, ‘इतर’ निवडावे लागते. पुढे वंशाचा रकानाच नसलेले ‘जीएलआय ग्लोबल’ आले. भारतीय संशोधकांनी बसवलेली समीकरणेही आहेत. कोणते चांगले यावर तज्ज्ञांनी खुशाल वाद घालावा, आमचे म्हणणे इतकेच की जे वापरले त्याचे नाव अहवालावर छापा. रोज सकाळी तीन लिटरच्या सिरिंजने मशीन तपासले का, आणि आकडा २.९१ ते ३.०९ च्या आत आला का, याची वहीही शेजारीच असावी. दाव्याच्या वेळी ती वही कुणी मागेल असे कुणाला वाटत नाही, आणि मागितली की धावपळ होते.

सर्वांत जास्त नुकसान ‘पोस्ट’च्या, म्हणजे औषधानंतरच्या फुंकेच्या, रकान्यात होते. पद्धत अशी : सालब्युटामॉल ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०० चे चार पफ, स्पेसरमधून एकेक करून द्यायचे, मग किमान १५ मिनिटे थांबून पुन्हा फुंकायला लावायचे. गर्दीच्या दिवशी ही १५ मिनिटे पाचावर येतात, हे त्या खोलीत काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. अहवालावर औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ यांचा पत्ता नसतो. शिवाय रुग्ण घरून काय घेऊन आला? दम्याच्या रुग्णाने सकाळीच पंप ओढला असेल तर नळ्या आधीच उघडलेल्या असतात, ‘पोस्ट’मध्ये फरक दिसत नाही आणि कागदावर दम्याचा सीओपीडी होतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने सालब्युटामॉल ४ ते ६ तास, फॉर्मोटेरॉल-सॅल्मेटेरॉल २४ तास आणि टायोट्रोपियम ३६ ते ४८ तास आधी थांबवायचे असते. कुणाला थांबवणे झेपत नाही, तेही ठीक. शेवटचा डोस किती वाजता घेतला एवढे लिहा.

त्यावर निकषाचा गोंधळ. समजा, एफईव्ही१ आधी १.५० लिटर होती, औषधानंतर १.७४ झाली. वाढ २४० मिली, म्हणजे १६ टक्के. याच दोन सोसायट्यांचा २००५ चा निकष १२ टक्के आणि २०० मिली असा दुहेरी आहे, त्यानुसार ही तपासणी ‘रिव्हर्सिबल’, म्हणजे औषधाने अडथळा कमी होणारी. २०२१ च्या नव्या निकषात वाढ अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त हवी. या रुग्णाची अपेक्षित एफईव्ही१ २.६० लिटर असेल तर २४० मिली म्हणजे ९.२ टक्के, तेव्हा उत्तर ‘नाही’. माणूस तोच, फुंक तीच. अहवालावर निकषाचे वर्ष नसेल तर पुढच्या वर्षी दुसऱ्या लॅबचा कागद शेजारी ठेवून कुणी तरी म्हणणार की आधीचा खोटा होता. आणि ‘रिव्हर्सिबल’ आले म्हणजे दमा ठरला असेही नाही, सीओपीडीतही अशी वाढ दिसू शकते.

आता कोडकडे येऊ. कोड डॉक्टरने लिहिलेल्या निदानाला लागतो, मशीनच्या आकड्याला नाही. भागाकार ०.५८ दिसला म्हणून कोडरने स्वतःहून जे ४४ हा सीओपीडीचा कोड लावायचा नसतो, निदान लिहिलेले नसेल तर डॉक्टरला लेखी विचारायचे असते. तपासणीत बिघाड दिसतो पण निदान अजून ठरलेले नाही, अशा वेळेसाठीच आर ९४.२ आहे. तपासणी नॉर्मल आली आणि कारणही कळले नाही, तर ज्या लक्षणासाठी पाठवले त्याचाच कोड : धाप असेल तर आर ०६.०, खोकला असेल तर आर ०५. उलट, तपासणी नॉर्मल असूनही डॉक्टरने दम्याचे निदान लिहिले असेल तर जे ४५ लावण्यात काहीच गैर नाही. औषधांनी आटोक्यात असलेल्या दम्यात फुंक चांगलीच येते. खरा घात करते ते ‘? सीओपीडी’ आणि ‘रूल आउट अस्थमा’ (दमा नाही ना, ते पाहा) असे लिहिणे. प्रश्नचिन्ह संगणकात शिरत नाही, रकान्यात नुसता जे ४४.९ उरतो, आणि तो त्या माणसाच्या नावापुढून पुढे कुणी पुसत नाही.

जे ४४.९ हा आपल्याकडे ‘इतर’चा डबाच झाला आहे. त्याचा अर्थ ‘सीओपीडी, अधिक तपशील नाही’. छातीत जंतुसंसर्ग होऊन बळावलेल्या सीओपीडीला जे ४४.० आहे, संसर्गाचा उल्लेख नसलेल्या तीव्र झटक्याला जे ४४.१. चार दिवस ऑक्सिजनवर काढलेल्या रुग्णाला ४४.९ लावला आणि टीपीएने, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेने, ‘स्थिर आजारासाठी भरती कशाला?’ अशी क्वेरी काढली तर त्याला दोष देता येत नाही. दमा आणि सीओपीडी दोन्ही असले तर काय, हाही नेहमीचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात अडथळा कायम झालेला दमा जे ४४ खालीच जातो, अमेरिकेच्या आवृत्तीत जे ४४ सोबत दम्याचा कोडही लावतात. पुण्यात, नवी मुंबईत अमेरिकेची बिले कोड करून मग इथल्या रुग्णालयात आलेली मुलेमुली हे दोन नियम हमखास मिसळतात. जर्मनीने तर एफईव्ही१ कोडमध्येच बसवली आहे. तिथे जे ४४ च्या पाचव्या अंकावरून कळते की एफईव्ही१ अपेक्षिताच्या ३५ टक्क्यांखाली आहे, ३५ ते ५० च्या मध्ये, ५० ते ७० च्या मध्ये, की ७० च्या वर. आपल्या कोडमध्ये ती सोय नाही. पण निदानाच्या ओळीत ‘सीओपीडी, औषधानंतर एफईव्ही१ ४२ टक्के, अमुक तारखेची तपासणी’ असे लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

क्षयरोगाच्या बाबतीत काही अक्षरांनी माणसाचे आयुष्य अवघड होते. दहा वर्षांपूर्वी उपचार पूर्ण झालेल्या रुग्णाच्या केस पेपरवर ‘के/सी/ओ पीटीबी’ (फुप्फुसाच्या क्षयाचा माहीत असलेला रुग्ण) लिहिले जाते. वाचणारा त्याला चालू क्षयरोग समजतो आणि ए १६.२ लावतो. क्षयाने फुप्फुसावर व्रण राहून आता श्वासमार्गात अडथळा असेल, तर आधी आत्ताच्या आजाराचा कोड आणि जोडीला बी ९०.९ हा क्षयाच्या परिणामांचा. काहीच इजा उरली नसेल तर झेड ८६.१, म्हणजे पूर्वी होऊन गेलेला संसर्ग. ‘उपचार पूर्ण, वर्ष अमुक’ हे चार शब्द जास्तीचे लिहिले की प्रश्न मिटतो.

‘टोबॅको प्लस’ हा असाच एक शेरा. मशेरी लावणाऱ्या बाईच्या कागदावर तो येतो, आणि विमा कंपनीत वाचणारा तिला धूम्रपान करणारी ठरवतो. तिच्या धापेचे कारण चुलीचा धूर असू शकते, पण चुलीचा उल्लेखच नसतो. विडी की सिगारेट, रोज किती, किती वर्षे. मशेरी की तंबाखू. चूल किती वर्षे, दिवसाला किती तास : एवढे विचारायला दोन मिनिटे लागतात.

कामाच्या जागेचा प्रश्न याहून गंभीर, कारण तिथे कोडमागे भरपाई असते. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या (२०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस, कापसाच्या धुळीचा बायसिनोसिस, उसाच्या चिपाडाच्या भुशाने होणारा बॅगासोसिस हे आजार होते. कोडही वेगवेगळे आहेत : सिलिका जे ६२.८, सिलिकोसिससोबत क्षय असेल तर जे ६५, बायसिनोसिस जे ६६.०, बॅगासोसिस जे ६७.१. साखर कारखान्यांच्या या राज्यात शेवटचा कोड किती केस पेपरांवर दिसतो, हे ज्याने त्याने आपापल्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन पाहावे. खाणीत, दगड फोडण्यात किंवा बगॅसच्या ढिगावर काम केल्याचा उल्लेखच नसेल, तर कोडर बिचारा काय लावणार? ‘व्यवसाय : मजूर’ ही नोंद इथे निरुपयोगी आहे. काम कोणते, धूळ कशाची, किती वर्षे, मास्क होता का, हे हवे. सिलिकोसिस स्पायरोमेट्रीवर ठरत नाही, त्याला धुळीचा इतिहास आणि छातीचा एक्स-रे लागतो. सुरुवातीला फुंक अगदी नॉर्मल येऊ शकते, आणि तेवढ्यावर ‘आजार नाही’ म्हणून कामगाराला परत पाठवणे चूक आहे.

कबुतरांच्या आजारात, आयएलडीत डीएलसीओ महत्त्वाची. तिचा अहवाल हिमोग्लोबिनशिवाय वाचू नये. हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईची डीएलसीओ ६० टक्के आली, तर नेहमीच्या सूत्राने दुरुस्त केल्यावर ती ७७ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे कमतरतेचा बराच भाग रक्तातला. आपल्याकडे किती बायकांचे हिमोग्लोबिन कमी असते, हे सांगायला नको. तरीही अहवालावर त्या रकान्यात रेघ मारलेली असते.

विम्याचे सांगायचे तर दाव्याच्या अर्जाचा ‘भाग ब’ रुग्णालय भरते. त्यात प्राथमिक निदान, अतिरिक्त निदान आणि सहव्याधी यांचे आयसीडी-१० चे रकाने आहेत. केवळ तपासणीसाठी भरती झाल्यास खर्च मिळत नाही, म्हणून भरतीचे कारण आणि तपासणीचे कारण कागदावर वेगळे दिसले पाहिजे. २०२४ च्या नियमांप्रमाणे पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान किंवा उपचार झालेला आजार ‘आधीपासूनचा’ धरला जातो. अशा वेळी रात्री भरती करून घेणाऱ्या डॉक्टरने नातेवाइकांच्या बोलण्यावरून ‘सीओपीडी, ५ वर्षे’ असे लिहिले, तर ते शब्द पुढे जन्मभर पुरतात. घरच्यांच्या मनात असते ते इतकेच की दर हिवाळ्यात खोकला यायचा. निदान कुणी केले, कधी, कोणत्या अहवालावर, हे विचारून खरे तेच लिहावे. अहवाल नसेल तर ‘५ वर्षे खोकला, निदान झालेले नाही’ असे लिहावे.

आमची मागणी मोठी नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाने आणि विमा कंपन्यांनी स्पायरोमेट्रीचा अहवाल स्वीकारताना तीनही फुंकांचे आलेख, प्रत दाखवणारे अक्षर, मोजलेली उंची, समीकरणाचे नाव, औषधाची मात्रा आणि वेळ, तपासणीचे कारण आणि वाचणाऱ्या डॉक्टरची सही मागावी. टाइप केलेल्या सारांशाला मशीनचा मूळ कागद जोडलेलाच असावा. अनेक लहान मशीन थर्मल कागदावर छापतात. तो कागद लॅमिनेशनच्या उष्णतेने काळा पडतो आणि नुसता कपाटात ठेवला तरी दोन-तीन उन्हाळ्यांत फिका होतो. रुग्णांनी तो मिळाला त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढावी आणि मोबाइलवर फोटो घेऊन ठेवावा.

आपले,
श्वसनरोग तपासणी आणि वैद्यकीय नोंदींच्या कामातील काही जण, पुणे